इंडिकेटरला करडीचं तेल

जीप आमच्या उजव्या अंगाने पुढे निघाली आणि मालकांनी नेमकी त्याच वेळी मोटारसायकल उजवीकडे घातली. जीपच्या मागच्या पायरीवर एक माणूस लटकलेला होता. त्याच्या पायातली चप्पल माझ्या तोंडासमोर आली, एवढंच मला दिसलं. मग जीपचा मागचा कोपरा आमच्या पुढच्या चाकाला लागला, गाडी डावीकडे आडवी झाली आणि मी रस्त्याच्या कडेच्या मुरमावर घासत गेले. जीप तिरपी होऊन रस्त्याखाली उतरली, नाली ओलांडून हरभऱ्यात शिरली आणि एका अंगावर कलून उभी राहिली. आतल्या बायका ओरडल्या.

मी उठून बसले तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती आमच्या मोटारसायकलचा मागचा दिवा. गाडी आडवी, आरसा फुटलेला, बाजारातले कांदे रस्ताभर, आणि उजव्या बाजूचा इंडिकेटर लुकलुक करत होता. ताडकळसच्या बाजारातून निघालो तेव्हापासून तो तसाच चालू असणार. मी मागे बसते, तो माझ्याही मागे असतो, मला कसा दिसेल? मालक पुढे बघतात, त्यांना कसा दिसेल? हँडलच्या मधल्या घड्याळात एक हिरवा दिवा लागतो म्हणे, पण त्याची काच पिवळी पडून गेली आहे, उन्हात काहीच कळत नाही. सगळ्या रस्त्याला तो इंडिकेटर दिसत होता, आम्हा दोघांनाच दिसत नव्हता.

मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक, डोक्याने हट्टी. ते गाडीखालून पाय सोडवून उभे राहिले, धोतर झटकलं आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर गाडीच्या टाकीला पोचा आला. मी कुठे पडले आहे ते त्यांनी त्यानंतर पाहिलं.

जीपचा ड्रायव्हर हरभऱ्यातून वर आला. तरणा माणूस, भीतीने पांढरा झालेला, म्हणून आवाज जास्त. त्याचं म्हणणं, मामांनीच, म्हणजे मालकांनीच, साइड दिली. आमच्या भागातल्या रस्त्यांवर ही रीतच आहे. पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर लावतो तो मागच्याला सांगायला, की समोरून कोणी येत नाही, जा पुढे. आणि वळायचं असलं तरी तोच उजवा इंडिकेटर. कुठला कशाचा, हे ज्याने त्याने ओळखायचं. बहुतेक वेळा ओळखतातही.

मालक म्हणाले, मी वळायलो होतो, म्हणून इंडिकेटर होता.

"वळायचं फाट्यावर आन् इंडिकेटर ताडकळसपासून?" ड्रायव्हर म्हणाला. "मामा, इतक्या लांबून कोण वळत असतंय?"

चूक कबूल करणं मालकांच्या रक्तातच नाही, म्हणून ते ड्रायव्हरला पायरीवर माणूस लटकवल्याबद्दल बोलायला लागले.

तेवढ्यात जीपमधले लोक बाहेर आले. एका बाईने मनगट धरलं होतं, बाकीच्यांना खरचटलं होतं. जीप काढायला ट्रॅक्टर यायचा होता. बसल्याबसल्या काय करणार, लोकांनी हरभरा उपटून घाटे सोलून खायला सुरुवात केली. शेतवाला पळत आला तेव्हा त्याला कळेना की जीपबद्दल ओरडावं की घाट्यांबद्दल. तो दोन्हीबद्दल ओरडला. पायरीवरच्या माणसाने त्यालाच मूठभर घाटे पुढे केले. माझ्या हाताचं कातडं सोललेलं, गुडघ्यातून कळा येत होत्या, आणि समोर ही पार्टी चाललेली. मला इतका राग आला की दुखणं जरा कमी झालं.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पुण्याला पोचली. जीपमधल्या कोणीतरी आमच्या मुलाला फोन लावला. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. आम्ही दोघं गावात राहत नाही, शेतात राहतो. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. फाट्यापासून आखाड्यापर्यंत पायवाट आहे, बैलगाडी जाईल एवढी, आणि माझ्या गुडघ्यांनी ती चालवत नाही. मोटारसायकल आहे म्हणून आम्ही तिथे आहोत. गाडी नसेल तर बाजार नाही, दवाखाना नाही, डेअरीला दूध नाही. हे मुलालाही माहीत. म्हणून तो मागेच म्हणाला होता, की परत कधी गाडीवरून पडलात तर गाडी विकून टाकीन आणि दोघांना घेऊन जाईन.

त्याच्या घरी मी एकदा महिनाभर राहिले आहे. वाईट वागवलं असं नाही. सून चांगली आहे, वेळेवर जेवण देते. पण तिथे मला कामच नव्हतं. खाली जायचं तर लिफ्ट, लिफ्टमध्ये बटणं, आणि खाली गेल्यावर परत वर येण्याशिवाय करायचं काय? आता माझ्या दोन म्हशी आहेत. त्या माझ्याशिवाय दुसऱ्याला धार काढू देत नाहीत. मला तिथे जाऊन मरायचं नव्हतं, आणि मरायच्या आधीची वर्षं तर मुळीच काढायची नव्हती.

फोनवर मुलगा आरडाओरडा करत नाही. तो थंड बोलतो, ते जास्त वाईट. रविवारी येतो म्हणाला. मालकांनी फोन घेऊन सांगितलं, "अरे, त्या इंडिकेटरच्या बटणाचा घोटाळा हाय. बटण अडकतंय. मी काय करू?"

म्हणजे सगळं त्या बटणावर आलं. बटण दुरुस्त झालं पाहिजे, आणि ते रविवारच्या आत.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन ताडकळसला मिस्त्रीकडे गेलो. या वेळी मी मागे बसून हात बाहेर काढून दाखवत होते. पत्र्याचं दुकान, बाहेर पाचसहा गाड्या, मिस्त्री पालथा पडून कुणाच्यातरी चाकात. त्याने आमचं बटण अंगठ्याने इकडे तिकडे ढकललं. बटण चिखलातून पाय काढल्यासारखं हललं आणि मध्ये कुठेतरी थांबलं. तो म्हणाला पूर्ण सेट बदलावा लागेल, आणि ही गाडी कंपनीने बंद केली, सेट नांदेडहून मागवावा लागेल, आठ दिवस लागतील किंवा येणारच नाही. मी विचारलं, उघडून साफ करता येत नाही का? तो म्हणाला कोण बसतंय मावशी, ते बारीक काम आहे, आत एक छर्रा असतो, उडाला की गेला. मग त्याने दुसरा उपाय सांगितला. इंडिकेटरची वायरच तोडून टाकतो, हात दाखवून वळत जा. सगळे तसंच चालवायलेत म्हणाला.

मालकांना हा उपाय फार आवडला. कटकट गेली म्हणाले. मी म्हणाले, रविवारी पोरगं पहिल्यांदा इंडिकेटरच बघेल, त्याला काय सांगणार, तोडून टाकला? मिस्त्रीकडून मी कागदावर बोटभर ग्रीस मागून घेतलं. त्याने विचारलं कशाला. मी म्हणाले बारीक कामाला. तो हसला. हसू दे.

मी चौथीपर्यंत शिकले. पण शिलाईचं मशीन मी चाळीसएक वर्षं चालवलंय. गावातल्या दोन पिढ्यांचे ब्लाउज शिवलेत. मशीन खोलायचं, धुवायचं, तेल द्यायचं, परत जोडायचं हे सगळं मी करत आले, कारण मशीन बिघडलं की परभणीहून माणूस आणायला कोणी मोकळं नव्हतं. बारीक पेचकस, बारीक चिमटा आणि मशीनच्या तेलाची कुपी माझ्या डब्यात असते. मोटारसायकलचं बटण काय मशीनपेक्षा अवघड असणार?

आखाड्यावर परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पांढरं धोतर पसरलं, मालकांचंच, धुतलेलं. गाडी त्याच्या कडेला उभी केली. हँडलच्या डाव्या मुठीजवळ काळ्या डबीत ती बटणं असतात, हॉर्न, हेडलाइट आणि इंडिकेटर. खालून दोन स्क्रू. ते काढले की डबी शिंपल्यासारखी उघडते. उघडली, आणि वास आला.

तो वास मला पाठ आहे. खवट करडीचा.

इथे करडीचं सांगितलं पाहिजे. आमच्या रानात करडी होते. घाण्यावरून तेल काढून आणतो, खायला तेच. मालकांचा त्या तेलावर असा विश्वास आहे, की दाराच्या बिजागरीला करडी, सांधे दुखले करडी, पंप कुरकुरला करडी. खायला ते चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण लोखंडावर ते सुकतं. आधी चिकट होतं, मग पिवळं, मग घट्ट, लाखेसारखं. एकदा मी माहेरी गेले असताना त्यांनी माझ्या मशीनला करडीचं तेल सोडलं होतं, माझ्यावर उपकार म्हणून. आल्यावर चाक फिरेना. खरडून खरडून मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. तेव्हा मी बजावलं होतं, यंत्राला खायचं तेल लावायचं नाही. त्यांनी ऐकलं असं मला वाटलं होतं.

"याला करडीचं तेल सोडलंय तुमी," मी म्हणाले.

"थोडंच," ते म्हणाले.

"कवा?"

"दिवाळीला. आन् मग संक्रांतीला. जड व्हायलं होतं म्हणून."

म्हणजे तेलाने जड झालं, म्हणून आणखी तेल. आणि वरून आमच्या काळ्या मातीची धूळ. आत नुसता डिंक झाला होता, गुळाच्या पाकाच्या तारा निघतात तशा तारा निघत होत्या. मी काही बोलले नाही, म्हणजे बरंच बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रॉकेल आता मिळत नाही. मी गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल वाटीत काढलं, चूल विझवून आले, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायला घेतलं. वायरी न ओढता बटणाचा भाग बाहेर घ्यायचा असतो, त्याला लहान पट्टी आणि एक स्क्रू. पट्टीखाली स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या टोकावर तो छर्रा, मोहरीहून थोडा मोठा. बटण सरकलं की हा छर्रा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत पडतो. डावी खाच, मधली, उजवी. त्या पडण्यानेच टक असं होतं आणि बोटाला कळतं की बटण जागेवर आलं. आमच्या बटणाच्या तिन्ही खाचा डिंकाने भरून सपाट झाल्या होत्या. टक होणार कुठून?

पट्टी काढताना छर्रा उडू नये म्हणून तो दाबून धरावा लागतो. मला दोन्ही हात गुंतलेले. मालकांना म्हणाले, अंगठा ठेवा याच्यावर, हलवू नका. त्यांनी ठेवला. मी स्क्रू फिरवला, पट्टी सैल झाली. विचारलं, धरलाय का?

"धरलाय," ते म्हणाले.

"नीट?"

"धरलाय म्हणलं की."

मी पट्टी काढली. अंगठ्याखाली फक्त स्प्रिंग होती. छर्रा कधीच गेला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अजून तसाच अंगठा दाबून बसले होते, मोठं काम केल्यासारखे.

तो छर्रा शोधण्यात आमची सकाळ गेली. धोतर झटकलं, अंगण पिठाच्या चाळणीने चाळलं, बाजेखाली बघितलं. एक कोंबडी तिथेच टोचे मारत होती, आणि मला खात्री झाली की तिने गिळला. मालक तिच्यामागे धावले. कोंबडी धरून करणार काय होते ते मला माहीत नाही, त्यांनाही माहीत नसावं. शेवटी मला आठवलं की माळ्यावर जुना मेलेला रेडिओ आहे आणि रेडिओच्या भोंग्याला लोहचुंबक असतं. ते फोडून काढलं आणि जमिनीवरून फिरवलं. खिळे, चुका, बैलाच्या नालाचा तुकडा, आणि गाडीच्या स्टँडखालून आमचा छर्रा. शेणात माखलेला, पण होता.

पुढचं काम मी एकटीने केलं. मालकांना म्हशींकडे पाठवलं. खाचा आगकाडीच्या टोकाला चिंधी गुंडाळून साफ केल्या. ज्यांतून करंट जातो त्या पितळी पत्र्या हिरव्या पडल्या होत्या, त्या घासून पिवळ्या केल्या. पेट्रोल उडून जाऊ दिलं, उन्हात वाळवलं. मग छर्र्याच्या खाचेत ग्रीस, नखाच्या टोकावर बसेल एवढंच, जास्त नाही. पितळेला काही नाही. सरकायच्या जागी मशीनच्या तेलाचा एक थेंब. लोकांना वाटतं तेल जितकं जास्त तितकं चांगलं. यंत्राला थेंब पुरतो. स्प्रिंग बसवली, छर्रा बसवला, पट्टी दाबून स्क्रू आवळला, डबी मिटवली. बटण ढकललं. टक. मध्ये आणलं, टक. डावीकडे, टक. मागे दिवे बरोबर लागत होते आणि विझत होते. मी आमच्या घरातल्या कोणाकडूनही कौतुकाची अपेक्षा ठेवत नाही, पण ते टक मी आठदहा वेळा वाजवलं.

संध्याकाळी मालक गाडीवर बसले. मी म्हणाले अंगणातच एक चक्कर मारा, मी मागून बघते. त्यांनी उजवा इंडिकेटर लावला, गोठ्याला वळसा घातला, सरळ झाले, अंगठा फिरवला आणि ओरडून विचारलं, विझला का?

विझला नव्हता. लुकलुकत होता.

माझं डोकं फिरलं. छर्रा नीट बसला नसणार म्हणून मी सगळं परत उघडलं. छर्रा जागेवर होता. परत मिटवलं. माझ्या बोटाने टक. त्यांच्या बोटाने नाही. परत चक्कर, परत दिवा चालूच. बटण खराबच केलंस तू, असं ते म्हणाले. ते ऐकून मी गाडीपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, जागेवरच लावा आणि विझवा, मला बघू द्या.

त्यांनी लावला. मग विझवायला अंगठा आणला. अंगठा बटणावरून गेला, पुढे जाऊन डबीच्या काठावर थांबला. बटण हललंच नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "विझला."

मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. सकाळी याच अंगठ्याने त्यांनी छर्रा धरला होता. त्यांना साखरेचा आजार कित्येक वर्षांचा. पायातली चप्पल वाटेत कधी निसटते ते त्यांना कळत नाही, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी पायांना जपा म्हणून सांगितलं होतं. हातांचं कोणी बोललं नव्हतं, आणि हे तर स्वतःहून सांगणारे नाहीत.

त्यांना ओट्यावर बसवलं. मी म्हणाले, डोळे मिटा, हात पालथा नको, उताणा धरा. मी घरातून ज्वारीचा दाणा आणला आणि त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या पेरावर ठेवून बोटाने दाबला.

ते डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने वैतागून म्हणाले, "ठेव की. काय बघायलीस?"

"ठेवलाय," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. दाणा पाहिला. मग स्वतःच उजव्या हाताने तो उचलला आणि परत डाव्या अंगठ्यावर दाबला, जोराने, जसं काही दाणाच खोटा आहे. बराच वेळ दाबत राहिले. मी म्हशींना पाणी पाजायला निघून गेले. आल्यावर ते म्हणाले, थंडीने बधिर झालं असेल. मी म्हणाले, असेल. थंडी नव्हती.

रविवारी मुलगा आला. चहा घ्यायच्या आधी गाडीकडे गेला, मला वाटलंच होतं. बटण ढकलून बघितलं, फाट्यापर्यंत जाऊन आला. आल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला होता. म्हणाला, नव्यासारखं झालंय, कोणी केलं? मालक लगेच म्हणाले, घरीच केलं, करडीचं तेल सुकलं होतं, बाकी काही नव्हतं. आणि माझ्याकडे बघितलं. गप्प राहा, एवढंच ते बघणं होतं. मी गप्प राहिले असते तर काम झालं होतं. मुलगा जेवून परत गेला असता, आम्ही आखाड्यावर राहिलो असतो, आणि पुढच्या बाजाराला मी परत त्याच गाडीवर मागे बसले असते. मला इथेच राहायचं आहे. पण राहायला जिवंत तर पाहिजे.

"बटण चांगलं हाय," मी मुलाला म्हणाले. "यांचा अंगठा चांगला न्हाई. ज्वारीचा दाणा ठेवला तरी कळत न्हाई."

मालक उठून गोठ्यात गेले. मुलाने गाडीची चावी काढून खिशात घातली. मग जे बोलणं झालं ते जेवण होऊन ताटं वाळेपर्यंत चाललं. तो म्हणाला गाडी आजच विकू, तुमी दोघं चला. मी म्हणाले म्हशी? तो म्हणाला म्हशी पण विकू. मी म्हणाले मग मलाही विकून टाक. तो म्हणाला, "माय, जीपखाली गेली असतीस तू." मी म्हणाले गेले नाही, आणि का गेले असते ते तुला मीच सांगितलं, तुझ्या बापाने नाही, तेव्हा माझं ऐक.

माझं म्हणणं सरळ होतं. भांडण डांबरी रस्त्याचं आहे. पायवाटेवर इंडिकेटर कोणाला दाखवायचा, बगळ्यांना? क्लच आणि ब्रेक सगळ्या हाताने दाबायचे असतात, ते त्यांना जमतं. तेव्हा गाडी फाट्यापर्यंतच जाईल. फाट्यावर चहाचं हॉटेल आहे, आमच्याच बाजूला, रस्ता ओलांडायचा नाही. तिथे गाडी लावायची आणि पुढे जीपने. दूधही तिथूनच जाईल. आणि परभणीला डॉक्टरकडे जाऊन हातांचं विचारायचं.

मुलगा बापाला दादा म्हणतो. त्याने विचारलं, "दादा ऐकतील? एखाद्या दिवशी घेतली गाडी आणि गेले रस्त्यावर, मग?"

"चावी मला दे," मी म्हणाले.

त्याने लगेच दिली नाही. गोठ्यात बापाकडे गेला. काय बोलले मला ऐकू आलं नाही, बापच जास्त बोलत होता असं वाटलं. मालक बाहेर आले ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दे तिच्याकडं. तशी पण तीच चालवती सगळं." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं. मी कबुली म्हणून घेतलं. मुलाने जाताना चावी माझ्या हातात दिली.

पुढचे काही दिवस मालक माझ्याशी म्हशींच्या मार्फत बोलत होते. हिला सांगा पेंड संपली, असं म्हशींना सांगायचे. नंतर कंटाळले. परभणीच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली आणि ते साखरेचंच आहे म्हणाले, गेलेलं परत येईलच असं नाही, आहे ते सांभाळा. गोळी वाढवली. करडीच्या तेलाने मालिश केलेलं चालेल का, असं मालकांनी त्यांना विचारलं. मी खुर्चीवरून उठून बाहेर गेले.

आता गाडी फाट्यापर्यंत जाते. चावी माझ्या कनवटीला असते, त्यांनी मागितली की देते, मागे मीच बसते. बटण अजून टक वाजतं. तेलाची बुधली मी स्वयंपाकघरातून हलू देत नाही. हॉटेलामागे गाडी लावून आम्ही जीपची वाट बघतो. जीप तीच आहे, ड्रायव्हरही तोच. पायरीवर अजून माणसं लटकतातच. पहिल्यांदा बसलो तेव्हा ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "मामा, आज साइड द्यायची की वळायचं?" मालक म्हणाले, तू रस्त्यावर राहा म्हणजे झालं. सगळी जीप हसली. मी हसले नाही, माझे गुडघे पुढच्या सीटमध्ये अडकले होते.

त्या दिवशी त्या जीपमध्ये ड्रायव्हर, पायरीवरचा माणूस आणि आत दाटून बसलेल्या बायाबापड्या होत्या. एका बाईचं मनगट मोडलं होतं, ते जुळलं. आमच्या गाडीवर आम्ही दोघं होतो. कोणी मेलं नाही. मालक आहेत, मी आहे.